कणगीला कुलूप

रविवारी सकाळी पूजाचं फोल्डर सापडेना, आणि चहाचे कप विसळून व्हायच्या आत सगळं कानवडे घराणं भारतीच्या अंगावर आलं.

तसं बघायला गेलं तर कारण एवढंसं होतं. खर्ड्याची मंडळी पहाटेच जीपनं निघालेली, दुपारच्या चहाला संगमनेरात पोचणार होती. स्थळ काकासाहेबांनी आणलेलं. काकासाहेब म्हणजे भारतीचे चुलत सासरे. आपल्या मध्यस्थीशिवाय ह्या घरात एकही लग्न जमलं नाही असं ते स्वतःच सांगत, त्यामुळं खोटं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाहुण्यांच्या हातात द्यायला पूजाचा बायोडाटा ताजा छापून काढायचा आणि दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरवर तिचे फोटो एकामागून एक सरकवून दाखवायचे, असा त्यांचा बेत. खर्ड्याला किल्ला असेल, पण असला थाट नसेल, हे त्यांनी आदल्या दिवसापासून सगळ्यांना ऐकवलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, माउस विंचू धरावा तसा दोन बोटांत धरला, आणि पूजाच्या नावाचं पिवळं खोकं शोधायला लागले. काल होतं. आज नव्हतं.

“पोरीचं खोकं गेलं कुठं?” ते म्हणाले.

त्या वर्षी दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम आडवे होणार अशी बोलवा होती, आणि त्याच वर्षी कानवड्यांच्या घरात तीन कॉम्प्युटर उभे होते. खाली छापखान्यात एक, वर दिवाणखान्यात एक आणि धाकट्या दिराच्या, योगेशच्या खोलीत एक. तिघांना जोडणारी काळी वायर भिंतीच्या कडेकडेनं वरच्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याखालच्या अडगळीत शिरायची. तिथं चौथं यंत्र होतं, बिनपडद्याचं, नुसतं घरघरणारं, पण मोठी डिस्क त्याच्याच पोटात. लग्नपत्रिकांचे नमुने, लग्नाचे फोटो, योगेशची गाणी, जे काही ठेवायचं ते तिथं ठेवायचं आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर बसून काढायचं. योगेश त्याला सर्व्हर म्हणायचा. सासऱ्यांनी, कारभाऱ्यांनी, पहिल्याच दिवशी त्याचं नाव कणगी ठेवलं. कुणीही टाकावं, कुणीही काढावं. मग सर्व्हर हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही.

कणगीची देखभाल भारतीकडं आली. जोडाजोड योगेशची होती, पण तो आठवडाभर सिन्नरच्या कारखान्यात असायचा. घरात असायची ती भारती. बी. कॉम. झालेली, खाली छापखान्यात लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करणारी थोरली सून. कुठलं फोल्डर कुणाला दिसावं, कुणी ते नुसतं वाचावं आणि कुणी त्यात खाडाखोड करावी, हे सगळं तिच्या हातात होतं. मात्र त्या अधिकाराला तसा अर्थ नव्हता, कारण ह्या घरात सगळ्यांना सगळं दिसलं पाहिजे हाच नियम होता.

तो नियम कणगीच्या फार आधीचा. कारभाऱ्यांचे वडील पुंजाराम आणि त्यांचा सख्खा भाऊ एका कुलूपबंद पेटीवरून कायमचे तुटले, आणि तेव्हापासून पुंजारामांनी ठरवून टाकलं की कुलूप असेल ते बाहेरच्या दाराला, आतल्या एकाही वस्तूला नाही. नवी नवरी घरात आली, माप ओलांडून झालं, देवाच्या पाया पडून झालं, की तिच्या पेटीचा कोयंडा हातोडीनं उडवायचा. सासूबाईंच्या, साळूबाईंच्या पेटीला कोयंड्याच्या जागी अजून दोन भोकं होती. भारती आली तेव्हा पेटीच्या जागी लोखंडी कपाट आलं होतं, म्हणून हातोडी वाचली. कपाटाची किल्ली मात्र दिवाणखान्यातल्या खिळ्यावर टांगली गेली. येणाराजाणारा ती बघायचा. भारतीला त्या खिळ्याचा मनस्वी राग होता, आणि इतक्या वर्षांत तिनं तो कुणाला कळू दिला नव्हता.

आता ते फोल्डर. ते तिनंच बंद केलं होतं, शनिवारी संध्याकाळी. तिची नणंद पूजा दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाची फॅट तपासायची आणि त्या कामावर तिचा जीव होता. लग्नाला तिचा नकार नव्हता. बायोडाटाच्या शेवटी तिनं फक्त एक ओळ घातली होती: लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. दुसऱ्या दिवशी ती ओळ गायब. पूजानं पुन्हा घातली, पुन्हा गेली. उंची, शिक्षण, रास, मामाचं कूळ, बाकी सगळं जागच्या जागी. कुणीतरी तेवढी एक ओळ खडा वेचावा तशी वेचून काढत होतं. शेवटी ती भारतीकडं आली आणि म्हणाली की वहिनी, माझ्याच कागदावर माझी एक ओळ राहत नाही. भारतीनं फाइल कधी बदलली ते पाहिलं. दर वेळी छापखाना बंद व्हायच्या सुमाराला बदलली होती. त्या वेळी खालच्या कॉम्प्युटरपाशी एकच माणूस असे, आणि तो तिचा नवरा होता.

नवऱ्याला, आबासाहेबांना, तिनं सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. काकांनी सांगितलं म्हणाले. असल्या ओळीनं स्थळं बिचकतात, एकदा जमू दे, नोकरीचं मग बघू. ह्या बघूचा अर्थ भारतीला पक्का ठाऊक होता. तिच्या लग्नात तिच्या बँकेच्या परीक्षेचंही असंच बघू ठरलं होतं.

म्हणून शनिवारी तिनं खालचा मॉनिटर उचलून वर गच्चीच्या जिन्याखाली नेला, कणगीला जोडला आणि पूजाच्या फोल्डरच्या नावाला शेवटी एक खूण लावली. ती खूण लागली की फोल्डर असतं पण कुठल्याच कॉम्प्युटरवर दिसत नाही. नाव आठवून कुणी शोधलंच, तर वर परवलीचा शब्दही घातला. तो शब्द पूजानं स्वतः टाईप केला. तेवढा वेळ भारती तिथल्या विजेच्या मीटरच्या पेटीकडं तोंड करून उभी होती.

आता ती हात पुसत दिवाणखान्यात आली आणि म्हणाली, “गेलं कुठंच नाही. मी बंद केलंय.”

आबासाहेबांच्या गालावर दाढीचा साबण तसाच राहिला. योगेश सुट्टीचा घरी होता, तो पेपरातून वर बघायला लागला. साळूबाई खाली पाटावर बसून पाहुण्यांच्या पोह्यांतले खडे काढत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही. काकासाहेबांनी मात्र आवाज चढवला. पाहुणे वाटेत आहेत, आणि ह्या घरात कुलूप? पुंजाराम असते तर काय म्हणाले असते, आपण खर्ड्याच्या माणसांना काय तोंड दाखवायचं, शिकलेल्या सुनेनं घराच्या डोक्यावर मिरे वाटायचे का, असं सगळं एका दमात झालं. मग त्यांना भारतीचं माहेर आठवलं. त्यांना ते नेहमी शेवटी आठवायचं.

“तुमच्या हिवरे बाजारात तर समदं ग्रामसभेत उघड्यावर ठरतं म्हनं. आन् तू हितं येऊन झाकापाक शिकलीस?”

“सभेत गावाचं उघडं असतं, काका,” भारती म्हणाली. “घरातल्या पेट्या कुणी सभेत नेत नाही.”

योगेश हसला आणि त्यानं लगेच पेपरात तोंड घातलं. आबासाहेब तोंड धुऊन आले आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले. ते रागावले नाहीत, विनवायला लागले, आणि तेच तिला जास्त लागलं. माझी अब्रू जाईल म्हणाले. ओळ मी काढली, चुकलं असेल, पण आजचा दिवस निघू दे. तू ऐकलं नाहीस तर वडील म्हणतील की थोरल्याला बायको आवरत नाही. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून तिला वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कुणीतरी सांगितलेलं करायची सवय लागलेला होता.

“तुमची अब्रू एका ओळीत आहे होय?” ती म्हणाली. “मग पूजाताईंची कशात आहे?”

ते बाहेर गेले.

एवढ्यात कारभारी गच्चीवरून खाली आले. तरुणपणी ह्याच छापखान्यात त्यांनी उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते, आणि अजून कुठलाही कागद हातात आला की ते आधी डोळ्यांजवळ नेत. त्यांना सगळं सांगण्यात आलं. काकासाहेबांनी सांगितलं, म्हणजे जरा वाढवूनच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आरडाओरडा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि त्यांचा शब्द मोडण्याची रीत घरात नव्हती.

“भारती,” ते म्हणाले, “उघड ते.”

“नाही, मामा.”

ह्या घरात पाऊल टाकल्यापासून सासऱ्यांना तिनं नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ. तोंडातून शब्द गेल्यावर तिलाच तो ऐकू आला, आणि आश्चर्य म्हणजे बरं वाटलं. ती पुढं म्हणाली की शब्द पूजाताईंनी घातलाय, मला माहीत नाही. मोडून काढता येईल, पण मी मोडणार नाही. त्या ड्यूटीवरून आल्या की त्यांना विचारा. त्या उघडतील तर उघडतील.

“तिला काय इचारायचं?” काकासाहेब म्हणाले. “लगीन तिचं हाय, जमवायचं आपल्याला हाय.”

घरात बराच वेळ हीच घासाघीस चालली. काकासाहेबांच्या बाजूला आबासाहेब, आबासाहेबांच्या मागं योगेश, आणि समोर एकटी भारती. साळूबाई कुणाच्याच बाजूला नव्हत्या; त्या पोह्यांत बोटं फिरवत राहिल्या. मग योगेशला आपलं इंजिनिअरपण दाखवायची हुक्की आली. त्याला वाटलं, दोन मिनिटांत भांडण मिटवून आपण मोठेपणा घेऊ.

“शब्द कशाला पाहिजे?” तो म्हणाला. “वायरीवरून दिसत नाही एवढंच. खालचा मॉनिटर आणून कणगीलाच लावा. तिथं झाकलेलंपण सगळं दिसतं.”

“मंग आन की,” काकासाहेब म्हणाले.

आबासाहेब तेवढ्यासाठीच थांबल्यासारखे उठले, खाली गेले, आणि मॉनिटर पोटाशी धरून जिना चढायला लागले. आणि योगेशच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या आत्ता ध्यानात आलं. भारतीनं ते पाहिलं, कारण ती त्याची वाटच बघत होती.

गोष्ट अशी होती, आणि ती भारतीशिवाय कुणालाच पुरती ठाऊक नव्हती. दिवाळीत योगेश तिच्याकडं आला होता, इकडंतिकडं बघत, आणि म्हणाला होता, वहिनी, माझं एक फोल्डर जरा कुणाला दिसणार नाही असं करून द्याल का? तिनं करून दिलं. संक्रांतीच्या सुमाराला आबासाहेबांनी तेच मागितलं, आणि का ते सांगितलं नाही. तेही तिनं करून दिलं. आणि शिमग्यानंतर एका दुपारी, घर वामकुक्षी घेत असताना, खुद्द काकासाहेब चपला हातात घेऊन आले. पोरी, माझं येवढं झाकून ठेव, म्हणाले. त्या वेळी त्यांचा आवाज अगदी वेगळा होता. दर वेळी शब्द ज्याचा त्यानं घातला, आणि दर वेळी भारती मीटरच्या पेटीकडं तोंड करून उभी राहिली. आत काय आहे ते तिनं एकाचंही पाहिलं नव्हतं. नवऱ्याचंसुद्धा नाही. तो मोह आवरायला तिला बरेच दिवस लागले होते.

योगेश काकासाहेबांच्या कानाशी लागला. सगळं म्हणजे फक्त पूजाचं नाही, काका, असं काहीतरी तो पुटपुटला. काकासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. मग ते म्हणाले की राहू दे, उगा यंत्राशी खेळ नको, पाहुणे तोंडावर आलेत, फोटो नाही दाखवले तर काही बिघडत नाही. आबासाहेबांनाही एव्हाना उमज पडली असावी, कारण जिन्याच्या वरच्या पायरीवर मॉनिटर टेकवून ते तिथंच बसले होते आणि दम लागल्याचं दाखवत होते.

पण कारभाऱ्यांना मागं फिरायचं नव्हतं. त्यांना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी घरात एकच कुलूप होतं आणि ते सुनेनं लावलं होतं.

“का थांबलास?” ते थोरल्याला म्हणाले. “लाव पडदा.”

भारती जिन्याजवळ जाऊन उभी राहिली. वाट अडवायला नव्हे; जे बोलायचं ते सगळ्यांच्या तोंडावर बोलता यावं म्हणून.

“लावा, मामा. मी आडवी येत नाही. पण पडदा लागला की एकट्या पूजाताईंचं दिसणार नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून झाकून घेतलंय, त्या सगळ्यांचं दिसेल. मी आजवर एकाचंही बघितलं नाही. कुणाकुणाचं आहे तेही सांगणार नाही. माहेरी पाठवलंत तरी सांगणार नाही.”

कारभाऱ्यांनी आधी योगेशकडं पाहिलं, मग जिन्यावरच्या आबासाहेबांकडं, मग काकासाहेबांकडं. आयुष्यभर उलटी अक्षरं वाचलेला माणूस. त्यांना फार वेळ लागला नाही. तिघांपैकी एकानंही मान वर केली नाही.

“तुजं हाय का त्यात?” त्यांनी भारतीला विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “माझी किल्ली त्या खिळ्यावर आहे.”

काकासाहेबांनी नुसताच माउस हलवला. आणि तेव्हा, इतका वेळ चकार शब्द न काढलेल्या साळूबाईंनी पोह्यांचं ताट बाजूला सारलं.

“भारती,” त्या म्हणाल्या, “मला बी एक करून दे. झाकल्यालं.”

आधी कुणाला वाटलं त्या थट्टा करताहेत. साळूबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, आणि कॉम्प्युटरला त्यांनी आजवर फक्त धूळ पुसायला हात लावला होता.

“तुला काय ठिवायचंय त्यात?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“त्ये तुमाला सांगायचं असतं तर झाकाया कशाला सांगितलं असतं?”

भारतीला सासूबाईंचा हा आवाज नवा होता. कारभाऱ्यांनाही असावा. साळूबाई उठल्या नाहीत, पदर सारखा केला आणि नवऱ्याकडं बघत पुढं बोलल्या. बोलणं मोठं नव्हतं.

“माज्या पेटीचा कोयंडा तुमीच उडवला. मामंजींनी हातोडी तुमच्या हातात दिल्ती. पेटीत लुगड्याखाली चिंधीची भावली हुती माजी. समद्यांनी वर काढून बघितली. समदी हासली. तुमीबी हासला.” त्या थांबल्या. “त्या दिसापून माज्याजवळ माजं म्हनून काय ऱ्हायलंच न्हाई. ठिवायला जागाच न्हवती.”

भारतीचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. कारभारी खिडकीशी गेले. तिथून नाशिक-पुण्याचा रस्ता दिसे. एवढी वर्षं त्या घरात दोन भोकांची ती पेटी होती, त्यावर घडी घातलेल्या गोधड्या असायच्या, आणि त्यांना ती भोकं कधी दिसली नव्हती. निदान भारतीला तरी त्यांच्या पाठीकडं बघून तसं वाटलं.

“आबा,” ते वळून न बघता म्हणाले, “पडदा खाली ने.”

आबासाहेबांनी मॉनिटर उचलला. जाताना ते भारतीजवळ क्षणभर थांबले. माझ्यात काय आहे ते आज तुला दाखवतो, असं हळूच म्हणाले. तिनं मान हलवली. नको, तुम्हाला वाटेल तेव्हा दाखवा, असं ती म्हणाली. तिला खरंच आता बघायचं नव्हतं.

पूजा आली तेव्हा घर शांत होतं, आणि त्या शांततेनंच ती घाबरली. सायकल लावून, हाताचा ॲसिडचा वास साबणानं घालवून ती वर आली. भारतीनं तिला काय झालं ते सांगितलं, फारसं न वाढवता. पूजा दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसली. तिनं नाव घातलं, मग शब्द घालायला बोटं ठेवली, आणि मागं वळून पाहिलं. काकासाहेब पाठ करून उभे होते. योगेशही. कारभारी खिडकीशी होतेच, त्यांनी डोळेसुद्धा मिटून घेतले होते.

तिनं ओळ पुन्हा घातली, कागद छापला आणि साडी बदलायला गेली.

जीप चहाच्या आधीच आली. खर्ड्याचे गोरक्षनाथ, मुलाचे वडील, दांडगे गृहस्थ होते. पायऱ्या चढतानाच त्यांनी रस्त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या, आणि घर एकदम सैलावलं. सगळे बसले, पाणी झालं, पाऊसपाण्याचं झालं. काकासाहेबांनी फोटोंचा विषय काढला नाही. पूजा बाहेर आली, तिनं बायोडाटा स्वतःच्या हातानं गोरक्षनाथांना दिला आणि समोर उभी राहिली. त्यांनी चष्मा लावला. ते वरून खाली वाचत आले आणि शेवटी थांबले. मग काकासाहेबांनी आधी पाठवलेला कागद खिशातून काढून त्यांनी तो शेजारी धरला.

“ही नोकरीची वळ आदीच्या कागदावर न्हवती,” ते म्हणाले.

काकासाहेबांनी खाकरून काहीतरी जुळवायला सुरुवात केली. कारभाऱ्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आदीचा कागद आमी लिवला हुता,” ते म्हणाले. “ह्यो तिनं लिवलाय. तुमी ह्योच खरा धरा.”

गोरक्षनाथ काय तो विचार करायला लागले. त्यांना घाई नव्हती. पूजानं मात्र बस म्हणायची वाट पाहिली नाही, ती समोरच्या खुर्चीत बसली. भारती चहाचा ट्रे घेऊन आत आली. खिळ्यापाशी ती थांबली, ट्रे एका हातावर तोलला, सगळ्यांच्या देखत कपाटाची किल्ली काढून कमरेला खोचली, आणि मग पाहुण्यांना चहा दिला.